आध्यात्मिक अंधत्व आणि देवाची कृपा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग भरतो. त्या वर्गात, घरभेटींत आणि कधीकधी मयतीच्या घरी ओट्यावर बसल्याबसल्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्न विचारणाऱ्याचे पहिल्या उत्तराने समाधान झाले नव्हते. जेथे दोन ओळींत भागले तेथे दोनच ओळी ठेवल्या आहेत.

आध्यात्मिक अंधत्व म्हणजे नेमके काय?

देवाविषयी माहिती नसणे म्हणजे आध्यात्मिक अंधत्व, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. ज्याला माहिती नसते त्याला आपल्याला माहिती नाही एवढे तरी कळत असते आणि तो चार जणांना विचारतो. पवित्र शास्त्र ज्याला अंधत्व म्हणते त्याचे मुख्य लक्षण असे की, ज्याला ते जडते त्याला आपल्या डोळ्यांत काही बिघाड आहे अशी शंकासुद्धा येत नाही.

माझ्या मोठ्या मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, तेव्हा दोन वर्षे ती बल्बला दोष देत होती. जालना जिल्ह्यातील तिच्या गावात विजेचा दाब तसाही कमीच असतो, त्यामुळे तिचे म्हणणे कोणाला खोटे वाटले नाही. मुलाने साठचा बल्ब काढून शंभरचा लावला, नंतर एलईडी आणला, तरी ती म्हणे, "आजकालच्या दिव्यायला उजेडच न्हाई राह्यला." पुढे गावात नेत्रशिबिर आले आणि डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकून "आजी, मोतीबिंदू पार पिकलाय," असे सांगितले, तेव्हा कोठे बल्बवरचा आळ गेला.

ख्रिस्ताचा प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हेच सांगतो. सुवार्तेचा प्रकाश मंद झालेला नाही. ह्या युगाच्या दैवताने, म्हणजे सैतानाने, अविश्वासी लोकांची मने आंधळी केली आहेत, म्हणून तो प्रकाश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. इफिसकरांसाठी प्रार्थना करताना तोच पौल त्यांचे अंतश्चक्षू प्रकाशित व्हावेत असे मागतो, आणि हे लक्षात घेण्यासारखे आहे की इफिसकर आधीच विश्वास ठेवणारे होते.

म्हणजे हे ख्रिस्ती नसलेल्या लोकांविषयी आहे का?

ते त्यांच्याविषयीही आहे. पण शुभवर्तमाने उघडून पाहिली तर येशू हा शब्द सर्वांत कठोरपणे कोणासाठी वापरतो हे पाहून आपणच चपापतो. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात तो शास्त्री आणि परूशी या यहुदी धर्मपुढाऱ्यांना एकाच भाषणात पाच वेळा आंधळे म्हणतो. ही माणसे उपास करणारी, शास्त्र तोंडपाठ असलेली आणि पुदिना, शेप व जिरे यांचाही दशांश मोजून देणारी होती. आपल्याकडे दिव्याखाली अंधार म्हणतात, तो प्रकार.

प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया येथील मंडळीला लिहिलेले पत्र आहे. हे शहर इ.स. 60 च्या सुमारास भूकंपाने पडले, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर पुन्हा उभे राहिले, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. अशा गावातील मंडळी "मी धनवान आहे, मला कशाची उणीव नाही," असे म्हणत होती यात नवल नाही. प्रभू तिला सांगतो की तू कंगाल, आंधळी आणि उघडी आहेस, आणि डोळ्यांत घालण्यासाठी माझ्याकडून अंजन विकत घे. डोळ्यांत अंजन घालणे हा आपल्या बोलण्यातला वाक्प्रचार आहे. या पत्रात तो शब्दशः भेटतो, आणि अंजन ज्यांच्या डोळ्यांत घालायचे आहे ते रविवारी उपासनेला बसलेले लोक आहेत.

जन्मतः किंवा नंतर दृष्टी गेलेल्या माणसांविषयी पवित्र शास्त्र काय म्हणते? ती पापाची शिक्षा आहे का?

नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हाच प्रश्न विचारतात : रब्बी, कोणी पाप केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. खेडोपाडी आजही अपंग मूल जन्मले की आईने ग्रहण पाळले होते की नाही याची चौकशी होते, आणि दुर्दैवाने ख्रिस्ती घरांतही कोणीतरी "काही केलं असंल" असे पुटपुटतेच. त्या आईसमोर हे वाक्य वाचून दाखवावे.

येथे लिहिणाऱ्यांनी आणि उपदेश करणाऱ्यांनीही एक काळजी घ्यायला हवी. दृष्टिहीन माणूस हे आपल्या प्रवचनातले उदाहरण नाही. आमच्या मंडळीत एक दृष्टिहीन गृहस्थ पेटी वाजवतात. अंधत्वावर प्रवचन असले की लोक त्यांच्याकडे वळून पाहतात आणि ते त्यांना न पाहताही कळते, असे त्यांनी एकदा हसत सांगितले. तेव्हापासून मी त्या दिवशी आधी त्यांच्याशी बोलून घेतो.

योहानाच्या नवव्या अध्यायात नेमके काय घडते?

अध्याय 41 वचनांचा आहे आणि बरे होण्याचा प्रसंग पहिल्या सात वचनांतच संपतो. येशू जमिनीवर थुंकतो, त्या थुंकीने चिखल करतो, तो जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो आणि सांगतो, शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धू. शिलोह म्हणजे 'पाठवलेला', असा अर्थ योहान स्वतःच देतो. 2004 साली यरुशलेमात सांडपाण्याच्या वाहिनीचे काम चालू असताना त्या काळच्या तळ्याच्या दगडी पायऱ्या सापडल्या. गीहोन झऱ्याचे पाणी खडकातून खोदलेल्या सुमारे 533 मीटर लांबीच्या बोगद्यातून तेथे येत असे. तो माणूस त्या तळ्यापर्यंत चिखल माखलेल्या डोळ्यांनी, अजून आंधळाच असताना चालत गेला. त्याने येशूला पाहिलेले नव्हते; आवाज तेवढा ऐकला होता.

उरलेला सगळा अध्याय चौकशीचा आहे. शेजारी म्हणतात हा तो नव्हेच. परूशी म्हणतात हे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या वारी, केले, म्हणून ते देवापासून असू शकत नाही. आईबापांना बोलावले जाते. पण सभास्थानातून बाहेर टाकतील या भीतीने ते "तो प्रौढ आहे, त्यालाच विचारा," असे म्हणून अंग काढून घेतात. ज्या मुलाला जन्मात पहिल्यांदा आपला चेहरा दिसला, त्याच्यासोबत त्या दिवशी आनंद करायला घरचेही उभे राहिले नाहीत. मराठवाड्यात ज्याने कुटुंबाच्या मनाविरुद्ध बाप्तिस्मा घेतला आहे, त्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

या चौकशीत त्याची दृष्टी वाढत जाते, आणि ती कशी वाढते हे त्याने येशूला दिलेल्या नावांवरून कळते. आधी तो "येशू नावाचा मनुष्य" म्हणतो, मग "संदेष्टा", मग "देवापासून आलेला", आणि शेवटी, बाहेर हाकलून दिल्यावर येशू त्याला शोधत येतो तेव्हा, "प्रभू, मी विश्वास धरतो." दुसऱ्या बाजूला परूशी "आम्हांला ठाऊक आहे" असे पुन्हा पुन्हा म्हणतात. त्या माणसाला मात्र एवढेच ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसते.

कृपा म्हणजे काय? दया, उपकार आणि दान यांहून ती वेगळी कशी?

दया म्हणजे जी शिक्षा मिळायला हवी ती न मिळणे आणि कृपा म्हणजे जे मिळण्याचा हक्क नव्हता ते मिळणे, असे सोपे सूत्र वर्गात सांगितले जाते. ते चुकीचे नाही. पण मराठी माणसाला अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. इफिसकरांस पत्रात तारण हे देवाचे दान आहे असे म्हटले आहे, आणि आपल्या भाषेत 'दान' शब्दाभोवती बरेच काही चिकटलेले आहे. दान देणाऱ्याला पुण्य लागते, घेणारा खाली बसतो, आणि उपकार म्हटला की तो फेडण्याची चिंता सुरू होते. नवीन करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस' हा प्रसन्नता आणि आनंद यांच्या जवळचा आहे. देव मान फिरवून दान टाकत नाही. तो प्रसन्न होऊन देतो.

आमच्याकडे हे सांगायला उचलीइतके चांगले उदाहरण नाही. बीड, जालना, परभणी या भागांतील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. आमच्या मंडळीतल्या काही बाकांवर नाताळच्या उपासनेला म्हाताऱ्या आणि लहान मुले तेवढी असतात, कारण बाकीची माणसे उसाच्या फडात असतात. मुकादम कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ उचल देतो. हंगामभर तोडलेल्या टनांतून ती वळती होते, आणि आजारपण आले, पाऊस लागला, बैल बसला की ती फिटत नाही व पुढच्या सालाच्या डोक्यावर बसते. एका विश्वासणाऱ्याने मला विचारले होते, "देवाची कृपा म्हणजे उचलच ना? आधी घ्यायची, मग जन्मभर राबून फेडायची?" मी त्या वेळी लगेच नाही म्हणालो, आणि नंतर घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की आपल्यापैकी बहुतेक जण, मीसुद्धा, प्रार्थना करताना, दशांश देताना, उपास धरताना मनातल्या मनात टनच मोजत असतो.

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे ऋण खरे होते, आणि ते ख्रिस्ताने वधस्तंभावर फेडले. ते पुढच्या सालावर ढकललेले नाही आणि कोणाच्या वहीत तुमच्या नावावरही उरलेले नाही. चांगली कामे आहेतच, पण ती फेड म्हणून नाहीत. इफिसकरांच्या त्याच उताऱ्यात लगेच पुढे ती येतात, तारणाच्या नंतर.

मग हे ऐकून राग का येतो?

हा प्रश्न थेट कोणी विचारत नाही, परंतु तो असतो, म्हणून येथे घेतला आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी नाक्यावरून मजूर आणतो : काही पहाटे, काही दुपारी, आणि काही दिवस मावळायला तास उरला असताना. संध्याकाळी तो सर्वांना एकच मजुरी देतो. दिवसभर ऊन सोसलेले मजूर कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर अगदी रास्त वाटते. रोजंदारीवर गेलेला कोणीही त्यांच्याच बाजूने बोलेल. धन्याच्या उत्तरातील मूळ ग्रीक वाक्य शब्दशः असे आहे : मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे काय? म्हणजे येथेही शेवटी प्रश्न डोळ्याचाच निघतो. दुसऱ्याला मिळालेली कृपा ज्याच्या डोळ्यांत सलते, त्याला स्वतःला मिळालेली मजुरी हीही कृपाच होती हे दिसलेले नसते. नाक्यावरून त्यालाही कोणीतरी आणलेच होते.

वारकरी संतांच्या अभंगांतही 'कृपा' आहे. ती आणि ही एकच का?

पैठण, आपेगाव, नरसी आणि गंगाखेड ज्या प्रदेशात आहेत तेथे हा प्रश्न येणारच. शब्द एकच आहे आणि तो मराठी ख्रिस्ती लोकांना संतांच्या भाषेतूनच मिळाला आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे म्हणत असत. आपण कमावलेले काही नाही, आपण पतित आहोत, देवच धावून येतो, हा सूर दोन्हीकडे ऐकू येतो.

फरक आहे तो आधाराचा. ख्रिस्ती विश्वासात कृपेला एक तारीख आणि एक ठिकाण आहे : पंतय पिलात सुभेदार असताना यरुशलेमाबाहेर उभारलेला वधस्तंभ आणि तिसऱ्या दिवशी रिकामी सापडलेली कबर. तेथे जे झाले त्यावर सारे उभे आहे. नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या शेजाऱ्याशी बोलताना आधी सारखेपणा नीट ऐकून घ्यावा आणि मग हा फरक सांगावा. त्याच्या ओठांवरील शब्द हिणकस ठरवून सुरुवात करणारा स्वतःच फारसे पाहत नसतो, असे माझे मत आहे.

देवाने डोळे उघडल्याशिवाय दिसतच नसेल, तर न दिसणाऱ्याचा दोष कसा?

या यादीतला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. मराठीत दोन वेगळे प्रयोग आहेत : एखादा आंधळा असतो, आणि एखादा डोळ्यांवर कातडे ओढून घेतो. पहिल्याची आपण कीव करतो, दुसऱ्याला दोष देतो. पवित्र शास्त्राचे म्हणणे असे की पापाच्या बाबतीत हे दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतात. यशया संदेष्ट्याचे शब्द घेऊन येशू मत्तयाच्या तेराव्या अध्यायात म्हणतो की या लोकांनी आपले डोळे मिटून घेतले आहेत. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात, प्रकाश जगात आला तरी माणसांना अंधाराची आवड होती, असे आहे. बाराव्या अध्यायात तर कारणही दिले आहे : अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांनी विश्वास ठेवला, पण ते उघडपणे बोलले नाहीत, कारण त्यांना माणसांकडून मिळणारा मान अधिक प्रिय होता. म्हणजे त्यांना थोडेफार दिसत होते. आणि नवव्या अध्यायाच्या शेवटी येशू परूश्यांना म्हणतो की तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसते. "आम्हांला दिसते" असे तुम्ही म्हणता, म्हणून तुमचे पाप राहते.

पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाची आज्ञा पाळू शकतो असे शिकवले आणि हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने त्याला विरोध केला. 418 साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. तेव्हापासून कृपा आधी, हे चर्चने धरून ठेवले आहे. पण देवाची निवड आणि माणसाची जबाबदारी यांची गाठ पूर्ण सुटली आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याच्यापासून जरा जपून राहावे. स्वतः पौल रोमकरांस पत्रात तीन अध्याय या विषयाशी झुंजतो आणि अकराव्याच्या शेवटी, देवाचे मार्ग किती अगम्य, म्हणून स्तुती करू लागतो.

मग माणसाने काहीच करायचे नाही का?

जन्मांध तळ्यावर गेला आणि त्याने डोळे धुतले. त्या धुण्याने दृष्टी कमावली असे तो कोठेही म्हणत नाही. यरीहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय लोक दटावत असताना ओरडत राहिला, आणि येशूने बोलावल्यावर अंगावरचे वस्त्र टाकून उठला. भिकाऱ्याचे वस्त्र म्हणजे त्याची झोळी, अंथरूण, पांघरूण सगळे तेच.

याहून पुढे गेले की निरनिराळ्या मंडळ्या निरनिराळे सांगतात. जॉन वेस्ली यांच्या परंपरेतील मेथडिस्ट मंडळी मानते की देव प्रत्येकाला आधीच इतकी कृपा देतो की तो होकार किंवा नकार देऊ शकेल. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विन यांच्या परंपरेत तो होकारसुद्धा देवच निर्माण करतो. कॅथलिक शिकवणीत कृपेने जागी झालेली इच्छा कृपेला सहकार्य करते. सोळाव्या शतकात यावरून युरोप दुभंगला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या; आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे त्यात दोघांनी मिळून मान्य केले. 2006 मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. आमच्या भागात एकाच गावात दोन चर्च असतात आणि त्यांची तोंडे दोन दिशांना असतात, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो.

पश्चात्ताप आधी की कृपा आधी?

मावशीकडे परत यावे लागेल. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि तिला घरी आणले. सगळ्यांना वाटले ती नातवाचे तोंड पाहील, आणि तिने ते पाहिलेही. पण नंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीवरचा पितळी डबा उचलून खिडकीपाशी घेऊन आली. डब्याच्या कडेला तेलकट काळा थर होता. तिने एकेक भांडे खाली काढले. पाण्याचा तांब्या आतून शेवाळला होता, तव्याच्या दांड्याला राप चढला होता, आणि पिठाच्या डब्यात अळ्या झाल्या होत्या. ती खाली बसली आणि सुनेला म्हणाली, "इतके दिस ह्याच भांड्यायत वाढीत होते का मी तुम्हाला?" सून काही बोलली नाही; तिला ते आधीपासून दिसत होते आणि सासूला वाईट वाटेल म्हणून ती रात्री गुपचूप जमेल तेवढी भांडी घासत असे.

आधी भांडी घास, मग ऑपरेशन करू, असे कोणी मावशीला सांगितले असते तर तिने विचारले असते, भांड्यांना काय झाले आहे? पश्चात्तापाचे असेच आहे. लूकच्या पाचव्या अध्यायात जाळी फाटेपर्यंत मासे मिळाल्यावर येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, प्रभू, माझ्यापासून जा, मी पापी मनुष्य आहे. मासे मिळण्यापूर्वी तो असे काही म्हणालेला नाही. म्हणून स्वतःचे पाप अचानक ठळक दिसू लागले तर आपण देवापासून दूर गेलो, असे समजून घाबरू नये.

कृपा फुकट असेल तर पाप करायला मोकळीक मिळाली, असे होत नाही का?

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हाच प्रश्न स्वतः विचारून "कधीच नाही" असे उत्तर देतो. नवीन दृष्टी मिळालेल्या मावशीने ती भांडी परत मांडणीवर तशीच ठेवली नाहीत.

डोळे एकदम उघडतात की हळूहळू?

दोन्ही प्रकारे उघडतात. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला, क्षणात प्रकाश दिसला. मात्र त्या प्रकाशाने तो तीन दिवस आंधळा झाला आणि त्याने अन्नपाणी घेतले नाही. आपल्याला सगळे स्वच्छ दिसते या खात्रीने जो ख्रिस्ताला मानणाऱ्या माणसांना बांधून आणायला निघाला होता, त्याला हात धरून नीट नावाच्या रस्त्यावरील एका घरी न्यावे लागले. ज्यांना तो पकडणार होता त्यांच्यातलाच हनन्या आला, त्याने डोक्यावर हात ठेवले आणि "शौल भाऊ" अशी हाक मारली. त्याच्या डोळ्यांवरून खपल्यांसारखे काही पडले ते ही हाक ऐकल्यावर.

बेथसैदा येथील आंधळ्याला मात्र दोनदा हात लावावा लागला. पहिल्यांदा त्याला माणसे झाडांसारखी, पण चालताना दिसली. मार्काच्या आठव्या अध्यायात हा प्रसंग मुद्दाम कोठे ठेवला आहे ते पाहावे : लगेच पुढे पेत्र "तू ख्रिस्त आहेस" असे बरोबर उत्तर देतो, आणि तीन वचनांनंतर येशू दुःख सोसणार हे ऐकून त्यालाच दटावू लागतो. त्यालाही अजून झाडेच दिसत होती. बहुतेक विश्वासणारे बराच काळ या अवस्थेत असतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त झाडांनाच माणसे समजून दुसऱ्यांना वाट दाखवायला निघू नये.

माझा जन्म ख्रिस्ती घरात झाला, बाप्तिस्मा आणि दृढीकरण झाले आहे. हा प्रश्न माझ्यासाठी आहे का?

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. संस्कृतच्या विदुषी, शास्त्र बारकाईने वाचणाऱ्या, चार पंथांची मते तपासून पाहणाऱ्या. नंतर आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. ते कळायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे गेली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अंध स्त्रियांसाठी जे घर चालवले त्याला बार्तीमयाचे नाव होते.

आमच्या जिल्ह्यातही एक आठवण आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 19व्या शतकात जालन्याजवळ एक ख्रिस्ती गाव वसवले आणि त्याला बेथेल नाव दिले. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात बेथेल येथे दगड उशाला घेऊन झोपलेला याकोब जागा होऊन म्हणतो की परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते ठाऊक नव्हते. हे म्हणणारा याकोब अब्राहामाचा नातू होता, देवाच्या घरचाच.

मंडळीत अजून जात पाहिली जाते, हेही अंधत्व आहे का?

होय. योहानाचे पहिले पत्र म्हणते की जो भावाचा द्वेष करतो त्याचे डोळे अंधाराने आंधळे केले आहेत. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून घेणारी माणसे सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळू आवाजात विचारतात, आणि आवाज हळू होतो याचा अर्थ दिसत असते. याला डोळ्यांवर कातडे ओढणे म्हणतात.

मोतीबिंदूसाठी प्रार्थना करावी की डॉक्टरकडे जावे?

दोन्ही करावे, आणि डॉक्टरकडे जाण्यास उशीर करू नये. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. प्रार्थना झाली म्हणून डोळ्यांतले औषध बंद करा, असे सांगणाऱ्या कोणाचेही, तो कितीही मोठा सेवक असला तरी, ऐकू नये.

घरचे लोक विश्वास ठेवत नाहीत. त्यांना "तुम्ही आंधळे आहात" असे सांगावे का?

सांगू नये. तसे म्हटल्याने आजवर कोणाचे डोळे उघडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तुम्हांला काय दिसले तेवढे सांगावे, आणि मावशीच्या सुनेने केले तसे न बोलता भांडी घासावीत.

लहान मुलांना हा विषय कसा शिकवावा?

संडे स्कूलमध्ये आम्ही मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांना चर्चच्या आवारातल्या हौदापर्यंत चालत नेतो आणि तोंड धुवायला सांगतो. मोठे स्पष्टीकरण देत नाही. मागच्या खेपेला रुमालाऐवजी खरा चिखल लावा असा हट्ट एका सात वर्षांच्या मुलाने धरला. तो लावला नाही. तोंड पुसत पुसत त्याने विचारले, "सर, तो चिखल त्याला झोंबला नसंल का?" मी पवित्र शास्त्र उघडून ती सात वचने त्याच्यासमोर पुन्हा वाचली. त्यात तसे काही लिहिलेले नाही. तो म्हणाला, "झोंबलाच असंल," आणि हौदाकडे परत गेला.